नावड्याची मोरी

लोक घर बघायला जातात तेव्हा आधी खिडकीतून बाहेर बघतात. मी आधी नळ सोडते. मग खाली वाकून पाणी कुठं जातंय ते बघते, मग भिंतीवर तळहात ठेवते. आमचे हे म्हणतात, तू घर बघत नाहीस, बाजारात बैल बघतेस. असेल! बावीस वर्षं महाप्याच्या एका कंपनीत स्टोअरला काढली. आलेला माल उलटासुलटा करून बघितल्याशिवाय एका चलनावर सही केली नाही. ती खोड आता जाणार कुठं?

ती कंपनी एक दिवस उठली आणि दुसऱ्या राज्यात गेली. आम्हाला विचारलं, येता का? मुलं, घर, म्हातारी आई टाकून कोण जाणार? मग त्यांनी हिशोब करून एक रक्कम खात्यात टाकली, एक स्टीलचा डबा भेट दिला आणि गेटपास काढून घेतला. मी सेहेचाळीस वर्षांची. घणसोलीच्या घरी येऊन बावीस वर्षांत पहिल्यांदा दुपारची झोपले, आणि उठले तर बाहेर माणसं माझ्या पैशांवर बोलत बसलेली.

आमचे हे उरणला कंटेनर यार्डात सुपरवायझर. ते म्हणाले, एफडी कर, डोक्याला टेन्शन नाही. दीर म्हणाले, वहिनी, उरणच्या बाजूला प्लॉट घ्या, विमानतळ आलंय, सोनं होईल. शेजारीण म्हणाली, मग सोनंच घे की सरळ! मी कॅलेंडरचं मागचं पान फाडलं, त्यावर उभ्या रेघा मारल्या आणि एकेकाला उभं करून बघितलं. प्लॉट बघायलाही गेले. एजंटनं गुडघाभर गवतात एक खुंटी दाखवली आणि हात फिरवून म्हणाला, इथून तिथपर्यंत. कुठून कुठपर्यंत, बाबा? सातबारा मागितला तर त्यावर अर्धं गाव नांदत होतं. प्लॉटवर काट मारली. एफडीवर काट मारवत नव्हती, पण त्या रकान्याकडे बघितलं की जांभई यायची. खरं सांगायचं तर माझ्या मनात दुसरंच शिजत होतं.

आमचं स्वतःचं घर दुरुस्त केलं तेव्हा, भावाचं केलं तेव्हा, कंपनीतल्या एका मैत्रिणीचं केलं तेव्हा, मिस्त्रीच्या उरावर मी उभी होते. मैत्रिणीनं तर घर विकलं आणि तिला मिळालेली किंमत ऐकून माझे कान गरम झाले. आता याला इंग्रजीत काहीतरी नाव आहे म्हणे, व्हिडिओ बघते मी. आपल्या भाषेत, पडेल भावात रडकं घर घ्यायचं, त्याला न्हाऊमाखू घालायचं आणि हसतं करून विकायचं. मला दुसरं काही सुचेनाच. जेवताना भिंती दिसायच्या.

नावड्याच्या जुन्या सरकारी वसाहतीतलं ते घर एजंटनं नाक मुरडत दाखवलं. तळमजला, एक खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम. भाडेकरू सोडून गेले होते. भिंतींना ओल, वायरी लोंबत्या, खिडकीची चौकट वाळवीनं खाल्लेली. आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी. काळी, शेवाळलेली, काठाची फरशी तुटलेली. मी नळ सोडला. पाणी गेलं. भिंतीवर हात ठेवला. ओल वरून येत नव्हती, बाहेरच्या फुटक्या पाइपातून येत होती, म्हणजे दोन दिवसांचं काम! तळमजला, म्हणजे खाली गळती होऊन भांडायला कोणी नाही! माझ्या छातीत असं धडधडायला लागलं की एजंटला कळू नये म्हणून मी उगाच रागावून म्हणाले, "काय हो, असलं घर दाखवता?"

कंपनीनं दिलेले झाडून सगळे पैसे त्यात गेले, वर दुरुस्तीसाठी माझ्या चार बांगड्या बँकेत गहाण पडल्या. आमचे हे अडवणारे नाहीत, पण त्यांनी एक अट घातली. दिवाळीपर्यंत विकलं तर ठीक. नाही विकलं तर भाडेकरू ठेवायचा, त्या भाड्यात बांगड्या सोडवायच्या, आणि उरणच्या एका गोडाऊनमधून मला जे बोलावणं आलं होतं ती स्टोअरची नोकरी धरायची. पुन्हा तेच टेबल, तेच चलन. मी म्हटलं, कबूल. तोंडानं म्हटलं. मनात म्हटलं, मेले तरी ते टेबल बघणार नाही.

दुरुस्तीचं बजेट मी केलं ना, ते फ्रेम करून लावण्यासारखं होतं. लाइट, नळ, ओल, फरशी, रंग, ओटा, खिडकी, आणि सगळ्यात खाली 'अडीअडचण' म्हणून एक रक्कम, जिला मिस्त्री रडला तरी हात लावायचा नाही. टाइल्ससाठी चार दुकानं पालथी घातली. एका दुकानात शेवटच्या लॉटच्या पांढऱ्या टाइल्स निम्म्या भावात मिळाल्या तेव्हा मी रिक्षात बसून एकटीच हसत होते. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं.

मिस्त्री उत्तरेकडचा, हाताला गुण असलेला. पहिल्या दिवशी त्यानं हातोड्यापुढं नारळ फोडला. आम्ही बौद्ध, आमच्यात नारळ फोडत नाहीत, पण हातोडा त्याचा, नारळ त्याचा, मी गप्प बसले आणि खोबरं खाल्लं. मग तो म्हणाला, कहाँ से शुरू करूँ? मी मोरीकडे बोट दाखवलं.

"भाभी, मोरी रहने दो. काम आती है."

"तोड."

"इधर के लोग..."

"तोड म्हटलं ना!"

आणि त्याच्या हातातून हातोडा घेऊन पहिला घाव मीच घातला. काठाची फरशी खळकन उडाली. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

त्याला कारण होतं. आम्ही मूळचे परभणीकडचे. या शहराच्या इमारती उठत होत्या तेव्हा वडील बांधकामावर सिमेंट वाहायचे आणि आई त्याच इमारतींत राहायला आलेल्या लोकांची भांडी घासायची. वाशीची पाच घरं, पाच मोऱ्या. सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे. ती मोरीत उकिडवी बसायची, पाठ आमच्याकडे, पदर कमरेला, आणि घरातली माणसं तिच्या डोक्यावरून खरकटी ताटं आत सरकवायची. ते मी विसरले नाही. नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमध्ये आमच्या घरी स्टीलचं सिंक बसवलं, तिला उभं राहून भांडी घासता यावीत म्हणून. तिचे गुडघे तोवर गेलेच होते. माझ्या हातून होईल त्या कुठल्याही घरात मोरी असणार नाही, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. आईला विचारायची गरज वाटली नाही. यात विचारायचं काय?

दसऱ्याच्या आधी घर तयार झालं. पांढऱ्या भिंती, पांढरा ओटा, मोरीच्या जागी फ्रीजसाठी कोनाडा आणि वर छोटं कपाट. बजेटपेक्षा पाच हजार कमी लागले! अडीअडचण जशीच्या तशी शिल्लक! मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. दीरांनीसुद्धा शाबासकीचा अंगठा पाठवला.

मग गिऱ्हाइकं यायला लागली, आणि जायला लागली. आयटीतलं एक तरुण जोडपं आलं, लिफ्ट आहे का विचारलं. तळमजल्याला लिफ्ट! दुसऱ्यांना पार्किंग हवं होतं. एक जण आला तो माझ्यासारखाच घेऊन विकणारा, त्यानं असा भाव सांगितला की मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. कळत होतं मला काय झालं ते. मी व्हिडिओतल्या लोकांसाठी घर सजवलं होतं, आणि ते लोक नावड्याच्या एका खोलीत राहायला येणार नव्हते. दिवाळीला तीन आठवडे राहिले. गोडाऊनच्या साहेबांचा फोन आला, मॅडम, एक तारखेपासून येताय ना? मी म्हटलं, कळवते. रात्री भाजीत दोनदा मीठ पडलं.

आणि मग मावशी आल्या. नावड्याच्या बाजारात मासे विकणाऱ्या, खाडीकाठच्या गावातल्या. नऊवारी, कानात सोनं, चाल अशी की रस्त्यानं बाजूला व्हावं. गावचं घर भावाभावांत वाटलेलं, मुलगा तळोज्याच्या कारखान्यात, म्हणून त्याला आणि सुनेला घेऊन स्वतःचं घर करायचं होतं. त्या आत आल्या, त्यांनीही आधी नळ सोडला. मी मनात म्हटलं, अगं बाई, ही माझीच जात!

त्यांना सगळं आवडलं. तळमजला आवडला, डोक्यावर पाटी घेऊन जिने चढायचे नाहीत. बाजार चालत पाच मिनिटं. भाव विचारला, तोंड वाकडं केलं, म्हणजे घ्यायचंच होतं. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि गोल फिरून खाली बघायला लागल्या.

"घर चांगला हाय. पन पोरी, म्हावरा कुठं साफ करू?"

"सिंकमध्ये करा की, मावशी. बघा, केवढं मोठं आहे."

"सिंकान?" त्या हसल्याच. "विली काय डोक्यावर धरू? पायाखाली धराला जागा लागतं. खवली अरकली का तुजा सिंक तुंबला. मोरी नाय?"

"मोरी तोडली."

"तोरली? आनि ती कशाला?"

कारण होतं माझ्याकडे, पण त्यांना काय सांगणार? त्या दारात चपला घालताना म्हणाल्या, "मोरी असती तं आज टोकन दिला असता," आणि गेल्या.

घरी येऊन मी भांडी आपटली. म्हटलं, लोकांना चांगलं काही नकोच असतं! सिंक देते तर म्हणे मोरी! आमचे हे हसून म्हणाले, "तू मोरीबरोबर गिऱ्हाईकसुद्धा तोडलंस." आई भिंतीला टेकून लसूण सोलत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "केवढी व्हती?"

"काय?"

"मोरी गं. केवढी व्हती?"

"होती तीन बाय तीन. का? मी पुन्हा बांधणार नाही. माझ्या घरात मोरी नाही म्हणजे नाही."

"तुजं कुटं हाय? इकायचं हाय ना ते?"

दुसऱ्या दिवशी ती इस्त्रीचं लुगडं नेसून तयार. मला म्हणाली, चल, घर दाव. इतक्या दिवसांत ती एकदाही आली नव्हती आणि मी नेलंही नव्हतं, गुडघ्यांचं निमित्त होतं. बसनं गेलो. ती स्वयंपाकघरात उभी राहिली, कोनाडा बघितला आणि मला म्हणाली, "खडू हाय का?"

खडू नव्हता. मिस्त्रीनं सोडलेला विटेचा तुकडा होता. आई भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. माझ्या नव्याकोऱ्या पांढऱ्या फरशीवर! आणि तिनं विटेनं रेघा ओढायला सुरुवात केली.

"नळ हितं. लई वर नको, पाणी उडतं, लुगडं भिजतं. तांब्या बसंल इतकाच. भोक कोपऱ्यात, पायाखाली नको, न्हाईतर पाय समदा येळ पाण्यात ऱ्हातो, बोटाला चिखल्या व्हतात. उतार तिकडं. जाळी निघणारी बसव, खवलं काढता यायला." मग तिनं समोरच्या बाजूला एक जाड रेघ मारली आणि त्यावर थाप मारली. "आन ह्यो काठ. चार बोटं नको, चांगला ईतभर उंच कर आन रुंद कर. त्याच्यावर बूड टेकलं पायजे."

"बसायला?"

"बसाय. पाच घरं व्हती माजी, एकाबी मोरीला बसाय जागा नव्हती. माज्यासाटी कोण ठिवतंय? उकिडवं बसू बसू गुडघं गेलं." हे तिनं टाइल्सचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी मात्र तिथंच रडले. तिच्याजवळ खाली बसून, घळाघळा. वाईट वाटलं, लाज वाटली. बावीस वर्षं लोकांच्या मालाची मापं घेतली आणि माझ्या घरात बसलेल्या बाईला काय माहीत आहे ते एकदा विचारलं नाही. आई म्हणाली, "रडू नको. मिस्त्रीला फोन कर."

अडीअडचणीचे पैसे निघाले. मिस्त्री आला, विटेच्या रेघा बघून म्हणाला, "मैंने बोला था, भाभी." मी म्हटलं, बोल आणखी, आज माझी पाळी आहे ऐकून घ्यायची. जुनं भोक त्यानं टाइलखाली बुजवलं होतं ते मोकळं केलं. काठाला काळा कडप्पा लावला, कडा घासून गोल केल्या, मांडीला टोचू नयेत म्हणून. फ्रीजची जागा बाहेरच्या खोलीत गेली. आई दोन दिवस प्लास्टिकच्या खुर्चीत बसून देखरेख करत होती. उतार तिनं तीनदा पाणी ओतवून तपासला आणि एकदा सगळं उखडायला लावलं. मिस्त्री तिला अम्माजी म्हणायला लागला. मला भाभीच.

काम वाळल्यावर मी बाजारात गेले. मावशी बांगडे मांडून वाटे लावत बसल्या होत्या. म्हटलं, मावशी, मोरी बघायला या. त्यांनी मान हलवली, हो नाही की नाही नाही. मी आणि आई दुपारभर त्या रिकाम्या घरात वाट बघत बसलो. दोन वाजले, तीन वाजले. मी आईला म्हटलं, नाही येत. आई म्हणाली, बाजार उठल्याबिगर कशी येईल? कामाची बाई हाय ती.

चारला आल्या. एका हातात विळी, दुसऱ्या हातात पिशवी. काष्टा सावरला, कडप्प्यावर बसल्या, जरा डावीउजवीकडे हलून जागा बघितली, विळी पायाखाली घेतली, नळ सोडला आणि पिशवीतली मांदेली साफ करायला लागल्या. माझे सगळे पैसे, बांगड्या, ते गोडाऊनचं टेबल, सगळं त्या पाण्याकडे बघत होतं. पाणी कोपऱ्यात गेलं. खवलं जाळीत अडकली, मावशींनी बोटानं जाळी उचलली, झटकली, परत बसवली. मग त्यांनी पाय पुढं करून तळव्यांना हात लावून बघितला. कोरडे.

"कोनी केली?"

मी आईकडे बोट दाखवलं. मावशींनी कडप्प्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "चालीस वरसा म्हावरा कापतंय. मना बसाला अशी जागा कोनी नाय केली."

मग भावावरून आमची अशी जुंपली की सोसायटीचा वॉचमन डोकावून गेला. मावशी पक्क्या व्यापारी. मी मनात धरलेल्या आकड्याच्या थोडं खाली आले, त्या थोड्या वर आल्या. बांगड्या सुटत होत्या, वर पुढच्या घराला हात घालण्याइतका फायदा राहत होता. टोकनच्या नोटा त्यांनी कमरेच्या पिशवीतून काढल्या, ओलसर, माशांच्या वासाच्या. मी त्या मोजल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा माल न तपासता घेतला. साफ केलेली मांदेली मावशींनी आईच्या हातात दिली. "घे बाय, आज तुज्या हातचा खा."

दारातूनच मी गोडाऊनच्या साहेबांना फोन लावला. म्हटलं, सर, मी येत नाही. का म्हणाले. म्हटलं, माझा धंदा आहे. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते त्यांना पुन्हा एकदा ऐकवलं. मग ह्यांना फोन केला, तर ते यार्डात कंटेनरच्या आवाजात ओरडून विचारत होते, काय? विकलं? मोरी? आणि मी रस्त्यात उभी राहून ओरडत होते, विकलं! विकलं!

बसस्टॉपवर आई मांदेलीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "आई, मला वाटायचं तुला मोरी डोळ्यांसमोर नको असेल. म्हणून तोडली गं मी."

आईनं पिशवीची गाठ घट्ट केली.

"मला मोरीचा राग नव्हता, बाई," ती म्हणाली. "लोकाच्या मोरीचा व्हता."

बस लांबून दिसली. तिनं माझ्या खांद्याला धरलं, गुडघे सरळ करत उठली आणि म्हणाली, "फुडचं घर बघाय जाशील तवा मला बी ने. तोडाय आदी."